कोंभ कोण खातंय? (भागाचा लिखित मजकूर)

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी एकच विचारलं: तोड थांबवली, वणवाही लागू दिला नाही, तरी आमच्या जंगलात नवी झाडं वर का येत नाहीत?

माझंही तेच झालं होतं. संगमेश्वरकडे आमचं चार एकर खाजगी रान आहे, ऐन-किंजळीचं. परवानगी काढून काही जुने ऐन तोडले. ऐनाच्या खुंटाला पावसाळ्यात झुपक्याने कोंभ फुटतात, पण माझे गुडघ्याएवढे झाले की गायब! मी खापर फोडलं सांबरावर आणि काटेरी तारेचे दोन पदर ओढले. पैसे पाण्यात. सांबर वरून उडी मारतं, भेकर खालून जातं.

आधी कोंभाचं टोक बघायला हवं होतं. कोयत्याने मारल्यासारखा तिरका, स्वच्छ काप असेल तर ससा. टोक ओढून तुटल्यासारखं, दशा निघालेलं असेल तर हरणवर्गातलं जनावर, कारण त्यांना वरचे पुढचे दात नसतात. आता, गुरांना आणि शेळ्यांनाही ते नसतात! म्हणून खूर, लेंड्या आणि उंची बघायची. भेकराचं खाणं साधारण कमरेखाली, सांबराचं तोंड डोक्याच्याही वर पोचतं. बुंध्याशी साल कुरतडून दातांचे चर पडलेत? साळिंदर. छातीएवढ्या उंचीवर साल सोलून लोंबतेय? तिथे सांबराच्या नराने शिंगं घासलीत. साल चहूबाजूंनी गेली तर मुळांना अन्न पोचत नाही आणि झाड हळूहळू मरतं.

माझ्याकडे मुख्य गिऱ्हाईक निघालं भेकर. थोडी शेजारची गुरंही, पण ते बोलून मिटलं.

मग तोडीच्याच फांद्या खुंटांवर आडव्यातिडव्या रचल्या, कोंभ त्यातून वर येतात. करवंदीच्या जाळ्या 'साफ' करणं बंद केलं, कारण रोपं त्यांच्याच आडोशाला जगतात. आणि दहा बाय दहा फुटांचा एक तुकडा उंच जाळीने बंद केला, फक्त तुलनेसाठी.

फासे किंवा वीज लावायचा विचारही नको. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने तो गुन्हा आहे, आणि त्यात बिबट्याही मरतो, जो भेकरं खातो.

दोन पावसाळे झाले. जाळीतले कोंभ माझ्या डोक्यावर गेलेत, फांद्यांखालचे खांद्याला लागतात. उघडे खुंट अजून गुडघ्याशीच आहेत.