शेणाचं विरजण

सातारा-सांगलीकडच्या खेड्यांत शेणावर चालणाऱ्या गॅसच्या टाकीला बायोगॅस म्हणणारा माणूस विरळा. ती गोबरगॅसच. गोठ्याच्या कडेला विटांनी बांधलेली विहीर आणि तिच्यात उपडा घातलेला लोखंडी ड्रम. सकाळी शेण नि पाणी समसमान कालवायचं आणि तो काला कुंडीत सोडायचा. गॅस साठला की ड्रम वर चढतो, स्वयंपाक होईल तसा खाली बसतो. किती गॅस उरलाय, ते बाईला स्वयंपाकघराच्या खिडकीतूनच कळतं. खादी ग्रामोद्योग आयोगाने साठच्या दशकापासून हा तरंगता ड्रम गावोगाव नेला. त्याचं लोखंड गंजतं, दरवर्षी रंग मागतं. तरी मला त्याचा हा उघडेपणा फार आवडतो.

अडचण आहे ती शेणाच्या हिशेबात. एक किलो ताज्या शेणातून साधारण ४० लिटर गॅस मिळतो. म्हणजे एक घनमीटर गॅसला २५ किलो शेण हवं, आणि तेवढा गॅस सिलिंडरच्या जेमतेम साडेचारशे ग्रॅम गॅसाइतकं काम करतो. दावणीला दोन-तीन मोठी जनावरं असली तरच हे गणित बसतं. कृष्णाकाठी ते जमून जातं. माण, खटाव, आटपाडी, जत इथे दुष्काळ पडला की जनावरं चारा छावणीत जातात, त्यांच्याबरोबर शेणही जातं, आणि टाकी उपाशी राहते. ज्या वर्षी सरपणही मिळत नाही, नेमक्या त्याच वर्षी.

या गणिताचा पायाच हलवला तो वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. आनंद कर्वे यांनी. सातारा जिल्ह्यातल्या फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेत त्यांनी काम केलं होतं. पुढे पुण्यात ‘आरती’ ही ग्रामीण तंत्रज्ञानाची संस्था उभी केली. त्यांचं म्हणणं साधं होतं. शेण म्हणजे जनावराने सत्त्व काढून घेतल्यावर उरलेला चोथा. गॅस करणारे जिवाणू जनावराच्या पोटातच राहतात. मग त्यांना चोथा कशाला, खाणंच का देऊ नये? पीठ, शिळा भात, नासकी फळं, खरकटं. संस्थेच्या हिशेबाने पिठासारखं दोन किलो खाद्य दिलं, तर दिवसभरात सुमारे अर्धा किलो मिथेन मिळतो; तेवढ्यासाठी ४० किलो शेण आणि ४० दिवस लागतात. शिळ्या भातात पाणीच जास्त, म्हणून तो त्या मानाने अधिक घालावा लागतो. पण गोठा नसलेल्या घराच्या परसातही टाकी बसू लागली, ती या विचारामुळेच. या कामाला २००६ साली लंडनचा ॲश्डेन पुरस्कार मिळाला.

टाकीची रचनाही सुटसुटीत आहे. पाण्याच्या दोन प्लॅस्टिक टाक्या, एक हजार लिटरची, दुसरी साडेसातशेची. तोंडं कापायची आणि लहान टाकी मोठीत उपडी घालायची. खड्डा नाही, गवंडी नाही. शेण लागतं ते फक्त सुरुवातीला, दुधाला विरजण लागतं तसं. जिवाणू रुजले की पुढे स्वयंपाकघरातलं उरलंसुरलं पुरतं.

विरजणाची उपमा मी सहज दिलेली नाही. ही टाकी बिघडते तीही आंबूनच. लग्नघरचं अन्न एकदम ओतलं, की आम्ल तयार करणारे जिवाणू जोरात येतात आणि मिथेन करणारे मागे पडतात. गॅस येतो, पण जळत नाही. थंडीत हे अधिक होतं, कारण तेव्हा मिथेनवाले मंदावतात. या बिघाडानंतर वैतागून टाकी रिकामी करणारे लोक पाहिले की मला हळहळ वाटते. इलाज घरातल्या कुठल्याही आजीला सुचेल असा आहे. काही दिवस लंघन द्यायचं, पातळ शेणकाला पाजायचा आणि वाट पाहायची. मग ज्योत निळी झाली, की पहिल्या दिवशी मूठभरच पीठ पाण्यात कालवून घालायचं.