लेखक दुकानात, खप जोरात!

पुस्तक छापून आलं. फेसबुकवर कव्हर झळकलं, अभिनंदनाचा पाऊस पडला. आणि गठ्ठे? ते अजून पलंगाखालीच! नवलेखकांनो, उठा! लाइकला एक बोट पुरतं, पाकीट मात्र लेखक समोर दिसला की उघडतं. पुरावा हवा? वर्धा जिल्ह्यातच ढीगभर आहेत. चला, फटाफट फेरी मारू!

माहीत आहे का, स्वतःचं पुस्तक भररस्त्यात विकणाऱ्या लेखकांत खुद्द गांधीजी आहेत? तारीख ६ एप्रिल १९१९, शहर मुंबई. ‘हिंद स्वराज्य’वर सरकारची बंदी. गांधीजी आणि सरोजिनी नायडू मोटारींतून प्रती घेऊन निघाले आणि सगळा माल खल्लास! किंमत चार आणे, पण लोक पाच-दहाच्या नोटा काढत होते. एका प्रतीचे तर चक्क ५० रुपये आले. छापील किमतीच्या २०० पट! पुढे १९३६ मध्ये हेच लेखक आपल्या वर्ध्याजवळ, सेवाग्रामला राहायला आले.

आणि बापूंची सही? ती फुकट नव्हती बरं! रेट फिक्स : पाच रुपये, आणि ते जायचे हरिजन निधीला. मस्त आयडिया आहे. तुमच्या कार्यक्रमातही बोर्ड लावा : ‘आज विकलेल्या प्रत्येक प्रतीमागे दहा रुपये गावच्या वाचनालयाला.’ घेणारा खूश, वाचनालय खूश, तुम्ही डबल खूश!

आता विनोबा. १९३२, धुळ्याचा तुरुंग, दर रविवारी एक याप्रमाणे गीतेवर १८ प्रवचनं. टिपून घ्यायला कोण? साने गुरुजी! ‘गीता प्रवचने’ आधी ऐकली गेली, मग छापली गेली. म्हणून म्हणते, भाषण ठोकू नका, पुस्तकातलं वाचून दाखवा. पाच मिनिटं पुरे. कानाला गोडी लागली की हात आपोआप प्रतीकडे जातो.

माहीत आहे का, विनोबांनी वर्ध्यात रचलेली ‘गीताई’, म्हणजे मराठी गीता, १९३२ मध्ये किती किमतीला निघाली? एक आणा! आणि वर्ध्याच्याच गोपुरीतल्या गीताई मंदिरात तर अख्खं पुस्तकच दगडी शिळांवर उभं आहे. १८ अध्याय, छप्पर नाही, उद्घाटन १९८० मध्ये, तेही लेखकाच्या हस्ते. लेखकाची याहून भारी हजेरी कुठे सापडली तर मला नक्की कळवा!

ब्रेक! थोडं परदेशात. चार्ल्स डिकन्स १८५८ पासून तिकीट लावून स्वतःची पुस्तकं वाचून दाखवायचे. कॅनडाच्या मार्गारेट ॲटवुड यांनी तर ‘लाँगपेन’ आणलं : लेखिका इकडे, सही तिकडे, दूर बसलेल्या वाचकाच्या प्रतीवर! आणि गिनीज रेकॉर्ड? ते आपल्या देशात. २०१६ मध्ये जम्मूत विक्रांत महाजन यांनी एका बैठकीत ६,९०४ प्रतींवर सह्या केल्या. सही रे सही!

परत वर्धा. साहित्य संमेलन इथे दोनदा भरलं : १९६९ मध्ये पु. शि. रेगे अध्यक्ष, २०२३ मध्ये न्या. नरेंद्र चपळगावकर. आणि हा सगळा सिलसिला सुरू कसा झाला, माहीत आहे का? १८७८ मध्ये पुण्यात न्यायमूर्ती रानड्यांच्या अध्यक्षतेखाली ‘ग्रंथकार संमेलन’ भरलं. संमेलनात पहिला मान ग्रंथ लिहिणाऱ्याचा होता!

पण संमेलन रोज नसतं, दुकान रोज असतं. तेव्हा थेट काउंटरवर जा. ‘भाऊ, एक संध्याकाळ द्याल का?’ असं विचारा. कमिशन आधीच ठरवा, प्रती कोण आणणार हेही ठरवा. नाहीतर गर्दी जमते आणि पुस्तकंच नसतात! वेळ निवडा दुकानदार सांगेल ती, गिऱ्हाइकाची नस त्यालाच कळते.

टेबलामागे दडून बसू नका. दाराजवळ उभे राहा, येणाऱ्याला नमस्कार करा. आपल्याकडचा वाचक पहिला प्रश्न ठरलेला विचारतो, ‘कायवर आहे जी पुस्तक?’ उत्तर एका वाक्यात तयार हवं. दुसरं वाक्य सुरू झालं की तो डायऱ्यांच्या रॅककडे सटकतो!

सही करताना नाव विचारून घ्या. ‘प्रज्ञा’ की ‘प्राज्ञा’, खात्री करा. खाली गाव आणि तारीख टाका : आर्वी, हिंगणघाट, पुलगाव, देवळी. गावाचं नाव पडलं की ती प्रत घरातून हलत नाही. पेनं दोन ठेवा. उरलेल्या प्रतींवर सही करायची तर आधी दुकानदाराला विचारा. सही झालेली प्रत परत पाठवताना अडचण होते.

पाचच माणसं आली? झकास! पाच जणांशी निवांत बोलता येतं, पन्नासांशी नाही. त्यातला एखादा शाळेत शिक्षक निघतो, एखादी वाचनालयाची सचिव, आणि पुढचं आमंत्रण तिथेच पक्कं होतं.

वाचकहो, तुमच्यासाठीही काम आहे. दुकानाबाहेर ‘लेखक आपल्या भेटीला’ अशी पाटी दिसली तर पुढे जाऊ नका. आत शिरा, एक प्रश्न विचारा, एक प्रत घ्या आणि त्यावर सही मागाच!