मैदान सर्वांचे, नियोजनही सर्वांचे

बाळू पालवणकर यांनी 1911 च्या इंग्लंड दौऱ्यात शंभराहून अधिक बळी घेतले. तरीही हिंदू संघाचे कर्णधारपद त्यांना जातीमुळे नाकारले गेले. ते 1923 मध्ये त्यांचे बंधू विठ्ठल यांना मिळाले. मैदानात प्रवेश मिळणे आणि निर्णयात स्थान मिळणे या भिन्न गोष्टी आहेत, हा या इतिहासाचा धडा होय.

शाळेच्या क्रीडा-नियोजनालाही तो लागू पडतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या 2020 च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार 5 ते 17 वर्षांच्या मुलामुलींना दररोज सरासरी 60 मिनिटे मध्यम ते जोरकस शारीरिक हालचाल आवश्यक असते. परंतु एकट्या क्रीडाशिक्षकाने आखलेले वेळापत्रक बहुधा निवडक संघापुरतेच उरते. अभ्यासाचा ताण वर्गशिक्षकांना ठाऊक असतो, झोपेची वेळ गृहपालांना, न्याहारीची वेळ स्वयंपाकघरातील ताईंना. मैदान मुलांनी व्यापल्यावर मुली कोठे खेळतात, बूट नसलेला विद्यार्थी काय करतो, हे मात्र विद्यार्थीच सांगू शकतात.

म्हणून जूनमध्ये या सर्वांची पालकांसह बैठक व्हावी. आठवडाभर कोण किती खेळते याची नोंद ठेवावी. त्यानुसार लंगडी, खो-खो, दोरीउड्या यांसारखे अल्प साहित्याचे खेळ सर्वांच्या संमतीने निवडावेत आणि दिवाळीपूर्वी पुन्हा नोंद घेऊन बदल करावेत.

माजी विद्यार्थ्यांनी विजेत्यांसाठी चषक अवश्य द्यावा. पण त्याआधी या बैठकीस यावे आणि काठावर बसून राहणाऱ्या मुलाचे म्हणणे ऐकावे.