दिवा, हाताचा आडोसा आणि भिंतीवरील सावली

पाहिलेले चित्र वर्षानुवर्षे स्मरणात राहते. चित्रकाराचे नाव मात्र क्वचितच राहते. उरण तालुक्यातील द्रोणागिरीसारख्या भागात, जेथे जुन्या गावांलगत सिडकोची नवी वसाहत उभी राहिली आहे, तेथे हा अनुभव विशेष येतो. जुन्या घराच्या ओटीवरील तसबीर नव्या सदनिकेत येतेच असे नाही. तिची आठवण तेवढी उरते. अशा अर्धवट आठवणीवरून मूळ चित्राचा शोध घेता येतो काय?

प्रथम एक भेद ध्यानी घ्यावा. द्रोणागिरी हे नाव उच्चारताच तळहातावर पर्वत घेऊन उड्डाण करणारा मारुती डोळ्यांसमोर येतो. त्या पर्वताचा एक तुकडा येथे पडला, अशी आख्यायिकाही आहे. परंतु हा प्रसंग शेकडो हातांनी रंगविला आहे. पर्वत व गदा या खुणांवरून प्रसंग ओळखता येतो, चित्रकार नव्हे. चित्रकारापर्यंत पोहोचण्यासाठी त्या एकाच चित्रात असलेली खूण आठवावी लागते.

याचे उत्तम उदाहरण घराघरांत ठाऊक आहे. एक स्त्री उभी आहे. एका हातात दिवा असून दुसऱ्या हाताने तिने ज्योतीला आडोसा केला आहे. बोटांतून प्रकाश झिरपतो, चेहरा उजळतो, आणि मागील भिंतीवर तिची सावली पडली आहे. हे चित्र कोणाचे, असे विचारल्यास दहांपैकी नऊ जण राजा रविवर्मा यांचे नाव घेतील. (जुने व सुंदर दिसेल ते चित्र रविवर्म्यांचे, असा आपल्याकडे जणू संकेतच पडला आहे.)

वस्तुतः हे चित्र सावंतवाडीचे सुपुत्र सावळाराम लक्ष्मण हळदणकर (1882-1968) यांचे आहे. चित्रासाठी त्यांची कन्याच उभी राहिली होती. मूळ चित्र म्हैसूरच्या जगन्मोहन राजवाड्यातील कलादालनात आहे.

गैरसमज दूर करणारे पुरावे चित्रातच आहेत. पहिला माध्यमाचा. रविवर्म्यांची गाजलेली पौराणिक चित्रे तैलरंगातील आहेत; हे चित्र जलरंगातील आहे. तैलरंगात चुकलेली जागा पुन्हा रंगविता येते, अंधारावर उजेड चढविता येतो. पारदर्शक जलरंगात उजेड म्हणजे राखून ठेवलेला कागद. ज्योतीभोवतीचे ते तेज आधीच योजून, अंधार त्याच्या कडेकडेने आणावा लागतो. बोटांमधील प्रकाश जलरंगात साधणे किती अवघड, हे शाळेतील कोणताही चित्रकला शिक्षक सांगू शकेल. दुसरा पुरावा काळाचा. रविवर्मा 1906 साली निवर्तले. हे चित्र 1945-46 च्या सुमाराचे मानले जाते.

मग घोटाळा झाला कसा? रविवर्म्यांनी 1894 साली मुंबईत शिळाछापखाना सुरू केला. पुढे तो लोणावळ्याजवळ मळवली येथे हलविण्यात आला. तेथील रंगीत चित्रांनी देवघरे व दिवाणखाने भरून गेले, आणि छापील चित्र म्हणजे रविवर्मा हे समीकरण रूढ झाले. पुढे दिनदर्शिकांवर व तसबिरींवर इतरांची चित्रेही छापली गेली. चौकटीत बसविताना कडा कापल्या गेल्या, आणि कडेची अक्षरे व स्वाक्षरी त्यांबरोबर गेली.

म्हणून आठवणीतील चित्र शोधताना रंगांवर फारसे विसंबू नये. छपाईत रंग बदलतात, उन्हाने विटतात. हात काय करीत आहेत, नजर कोठे आहे, उजेड कोणत्या बाजूने येतो, सावली आहे किंवा नाही, हे तपशील अधिक टिकाऊ. रविवर्म्यांची शकुंतला ओळखावी ती पायातील काटा काढण्याच्या मिषाने मागे वळलेल्या नजरेवरून; दमयंती ओळखावी ती समोरील हंसावरून. तसबीर हाती असल्यास मागील पुठ्ठा जपून काढून कागदाच्या चारही कडा पाहाव्यात. छापखान्याचे नाव सापडले तरी ते मुद्रकाचे असते, चित्रकाराचे असेलच असे नाही.

शाळेच्या सभागृहात किंवा ग्रामपंचायतीच्या कार्यालयात ही दिवा घेतलेली स्त्री टांगलेली असेल आणि खाली रविवर्म्यांचे नाव असेल, तर ती पट्टी बदलून ‘सा. ल. हळदणकर, जलरंग’ एवढी अक्षरे लिहिण्यास फारसा खर्च येणार नाही.