मिठाच्या किमतीत काय काय असते?

समुद्राचे पाणी फुकट, ऊन फुकट, वाराही फुकट. अर्थशास्त्राची क्रमिक पुस्तके अशांना मुक्त वस्तू म्हणतात. त्यांच्यापासून होणारे मीठ मात्र शतकानुशतके सरकारांची तिजोरी भरत आले.

मिठाच्या किमतीत पहिली भर पडते श्रमांची. पेण-उरणपासून मुलुंड-भांडुपपर्यंत खाड्यांच्या काठी आगरी समाजाने मिठागरे उभी केली. पावसाळा सरला की फुटलेले बांध बुजवायचे, वाफ्यांचा तळ पायांनी तुडवून घट्ट करायचा, उधाणाची भरती आत घ्यायची आणि ते पाणी एका वाफ्यातून दुसऱ्यात सोडत दाट होऊ द्यायचे. मग उन्हात उभे राहून मीठ ओढायचे. वळवाची एक सर अवेळी आली की केलेले काम पाण्यात.

दुसरी भर वाहतुकीची. मीठ जड आणि मुळात स्वस्त, त्यामुळे अंतर वाढले की भाव चढतो. कोकणातले मीठ लमाण-वंजाऱ्यांचे तांडे बैलांच्या पाठीवर लादून घाट चढत. बैल रिकामे परतले तर धंदा बुडायचा, म्हणून उतरताना देशावरचे धान्य आणत. घाटमाथ्यावरची बाजारगावे या दुहेरी फेरीवर पोसली गेली.

तिसरी भर, आणि माझ्या मते सगळ्यांत बोलकी, राज्यसत्तेची. 1671 साली शिवाजी महाराजांनी कुडाळचे सरसुभेदार नरहरी आनंदराव यांना पाठवलेले पत्र यासाठी मुळातून वाचावे. पोर्तुगीजांच्या बारदेशातले मीठ स्वस्त, आपल्या संगमेश्वराकडचे महाग. व्यापारी तिकडेच वळतील. म्हणून बारदेशच्या मिठावर जबर जकात बसवा, म्हणजे ते संगमेश्वराच्या मिठापेक्षा स्वस्त पडणार नाही, असा त्याचा आशय. फ्रान्सचा अर्थमंत्री कोल्बेर याने चारच वर्षे आधी, 1667 मध्ये, परदेशी मालावर असेच जबर शुल्क लावले होते. त्याचे नाव अर्थशास्त्राच्या इतिहासात हमखास येते. कुडाळच्या पत्राची दखल तिथे क्वचितच.

इंग्रजांचा हेतू वेगळा होता. मीठ महागले म्हणून कोणी आळणी जेवत नाही, हे कर बसवणाऱ्याला नेमके ठाऊक असते. स्वस्त मीठ चोरून येऊ नये म्हणून त्यांनी सिंधूपासून महानदीपर्यंत जकातीची सीमा आखली, आणि तिच्या बऱ्याच भागात चक्क काटेरी कुंपण वाढवले. 1879 मध्ये ती मोडली, कारण मीठ पिकते तिथेच कर वसूल करणे सोपे ठरले. गोव्याचे मीठ या जाळ्याबाहेर होते. तेही 1878 च्या इंग्रज-पोर्तुगीज कराराने आत ओढले गेले: वर्षाला चार लाख रुपयांच्या बदल्यात पोर्तुगिजांनी गोव्याच्या मिठावरचा ताबा इंग्रजांकडे दिला. खाजणांच्या कडेला मीठ पिकवणाऱ्या गोवेकरांना विचारले कोणी? करार 1892 मध्ये संपला, पण तोवर तिथल्या मिठागरांना मोठा फटका बसला होता.

1923 मध्ये मणामागे सव्वा रुपयाचा कर अडीच रुपये झाला. विधिमंडळाने नकार दिला होता, तरी व्हाइसरॉय रीडिंग यांनी तो आपल्या अधिकारात लादला. पुढच्या वर्षी पुन्हा खाली आणावा लागला. या पार्श्वभूमीवर मिठाचा कायदा मोडायला दांडीला जाण्याचा गांधींचा 1930 चा निर्णय भाबडा वाटत नाही. शिरोडे आणि वडाळ्याच्या मिठागरांवर त्या मे महिन्यात लोक चालून गेले. 1931 च्या गांधी-आयर्विन कराराने किनाऱ्यावरच्या गावांना घरापुरते मीठ करण्याची आणि गावात विकण्याची मुभा मिळाली. कर गेला तो 1947 मध्ये.

आज देशातले बहुतांश मीठ गुजरातेत पिकते. मुंबईच्या मिठागरांत आता मिठापेक्षा जमीन महाग आहे. कांजूरमार्ग, भांडुप, मुलुंड इथली सुमारे 255 एकर मिठागराची जमीन धारावीच्या पुनर्वसनासाठी घेण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये घेतला. पावसाळ्यात भरतीच्या वेळी उपनगरांचे पाणी याच सखल भागात थांबते, असा पर्यावरणवाद्यांचा आक्षेप आहे. जमिनीचा भाव ठरवताना त्या कामाचे मोल कोणत्या रकान्यात धरायचे, हा प्रश्न सरकारने आणि बिल्डरांनी अजून लोकांसमोर मांडायला हवा.