तीन शू, तीन स्प्रिंगा आणि एक वाटी

एक अष्टमांश मापाची नायट्रो बग्गी चालू करून जमिनीवर ठेवा. इंजिन मिनिटाला हजारो फेरे घेत कलकलत असते, गाडी मात्र जागची हलत नाही. मग रिमोटचा ट्रिगर बोटभर ओढला, की तीच गाडी माती उडवत दिसेनाशी होते. ही जोडतोड कोण करतो? गाडीत क्लचचे पेडल नाही, केबल नाही. सर्वो मोटरी दोनच, एक चाके वळवते आणि दुसरी ॲक्सिलरेटर व ब्रेक सांभाळते. क्लचला हुकूम देणारे तिथे कोणीच नाही. तो आपले आपण ठरवतो, आणि म्हणूनच बिघडला की भल्याभल्यांना चकवतो.

इंजिन ३.५ सीसीचे, म्हणजे चहाच्या चमचाभर जागेपेक्षाही कमी. इंधनात मिथेनॉल, नायट्रोमिथेन आणि वंगणाचे तेल असते. नायट्रोमिथेनच्या रेणूतच ऑक्सिजन असतो, म्हणून त्याला जळायला हवा फार थोडी लागते. पेट्रोलच्या एका भागाला हवेचे जवळजवळ पंधरा भाग लागतात, नायट्रोमिथेनला दोनसुद्धा पुरे होतात. त्यामुळे तेवढ्याच सिलिंडरमध्ये जास्त इंधन जाळता येते आणि हे नखाएवढे पिस्टन मिनिटाला ३०,००० फेऱ्यांच्याही पुढे जाते.

इंजिनाच्या दांड्यावर फ्लायव्हील बसवलेले असते. त्यावर तीन खुंट्या, प्रत्येक खुंटीवर केळ्याच्या आकाराचा एक शू, आणि शूला आत दाबून धरणारी एक स्प्रिंग. या सगळ्यावर पोलादी वाटी पालथी घातलेली असते, ती क्लच बेल. नाव घंटेचे असले तरी रूप वाटीचेच. बेलच्या मानेवर तेरा-चौदा दात असतात. ते मोठ्या गिअरला फिरवतात आणि तिथून ताकद चाकांपर्यंत जाते. फेरे वाढले की शू बाहेर फेकले जातात, वाटीला आतून घट्ट चिकटतात आणि वाटी फिरू लागते. फेरे उतरले की स्प्रिंगा त्यांना परत आत ओढतात. लूना चालवलेल्यांना हे तत्त्व ठाऊक आहे. पेडल मारून इंजिन सुरू झाले की मूठ पिळायची, क्लचचा विचारच करायचा नाही.

फरक आकड्यांचा आहे. शूचे वजन दोन ग्रॅम आणि तो मध्यापासून एक सेंटिमीटरवर फिरतो असे धरू. मिनिटाला १०,००० फेऱ्यांना त्याची बाहेरची ओढ सुमारे सव्वादोन किलो वजनाइतकी भरते. फेरे तिप्पट, म्हणजे ३०,००० झाले की ओढ नऊपट होते, वीस किलो. दोन ग्रॅमचा तुकडा तांदळाच्या वीस किलोच्या गोणीइतका जोर लावतो!

स्प्रिंगचे गणितही असेच अंगावर येणारे आहे. या स्प्रिंगा तारेच्या जाडीवर विकल्या जातात: ०.९, १.० आणि १.१ मिलिमीटर. डोळ्यांना फरक दिसत नाही. पण पिळाच्या स्प्रिंगचा ताठपणा तारेच्या जाडीच्या चौथ्या घातावर चढतो. बाकी सगळे सारखे असेल, तर १.० च्या जागी १.१ बसवल्यावर ती जवळजवळ दीडपट ताठ होते, आणि ०.९ च्या तुलनेत सव्वादोनपट. ताठ स्प्रिंग लावली की क्लच उशिरा पण जोरात धरतो, नरम लावली तर लवकर आणि हळुवार. चार शूंच्या क्लचमध्ये काही जण समोरासमोरच्या दोन शूंना एक जाडी आणि उरलेल्या दोघांना दुसरी लावतात.

आता दुखण्यांकडे वळू. माझे स्पष्ट मत आहे की क्लचच्या नावावर नोंदवल्या जाणाऱ्या तक्रारींपैकी बऱ्याच त्याच्या शेजाऱ्यांच्या असतात.

पहिली नेहमीची तक्रार अशी: ट्रिगर सोडला तरी गाडी पुढे सरकत राहते, आणि ब्रेक दाबला की इंजिन बंद पडते. लोक लगेच क्लच खोलायला बसतात. आधी कार्ब्युरेटर बघावा. त्याची फट जास्त उघडी राहिली असेल किंवा मिश्रणात इंधन कमी पडत असेल, तर आयडलिंग चढते आणि शू त्यांच्या धर्माप्रमाणे बाहेर येतात. त्यात क्लचचा काय दोष? आयडलिंग खाली आणूनही गाडी सरकत असेल, तर मात्र वाटी काढावी. तीनपैकी एक स्प्रिंग तुटलेली सापडण्याची शक्यता मोठी. मोकळा सुटलेला तो एक शू मग सतत वाटीला घासत राहतो. काही वेळा तुटलेल्या तारेचा तुकडा वाटीत अडकून आतल्या भिंतीवर गोल चरे पाडतो.

स्प्रिंगा शाबूत निघाल्या तर वॉशर बघावेत. दांड्यावरचे हे पातळ वॉशर वाटीला पुढे-मागे किती प्ले मिळेल ते ठरवतात. तो अगदी किंचित हवा. वाटी चिमटीत धरून हलवली तर जेमतेम जाणवावा आणि बोटाने फिरवली तर वाटी मोकळी फिरावी. नट आवळताना वाटीच दाबली गेली असेल, तर नव्या कोऱ्या स्प्रिंगाही काही करू शकत नाहीत.

उलट तक्रारही असते: इंजिन रेस होते, पण गाडी उठत नाही. इथे क्लच घसरतो आहे. शू झिजून पातळ झाले असतील किंवा त्यांच्यावर तेल चढले असेल. इंजिनाच्या पुढच्या बेअरिंगमधून झिरपणारे तेल थेट फ्लायव्हीलवर येते आणि गरगर फिरून शूंना न्हाऊ घालते. वाटी खोलल्यावर ती निळी-जांभळी झालेली दिसली, तर घसरण बरेच दिवस चालू आहे असे समजावे, तो तापलेल्या पोलादाचा रंग आहे. ॲल्युमिनियमच्या शूवर आरशासारखी चकाकी आली असेल तर काचपेपरने ती मोडावी, वाटीही आतून घासावी आणि दोन्ही स्पिरिटने पुसावे.

शू उलटे बसवण्याची चूक तर हमखास होते. खुंटी पुढे आणि शूचे मोकळे टोक मागे, अशी जोडणी असली तर घर्षण शूला थोडे आत ढकलते आणि क्लच नरम धरतो. तोच शू उलटा बसवला की घर्षण त्याला आणखी बाहेर ओढते, आणि गाडी हिसका देऊन सुटते. जुन्या स्कूटरच्या ड्रम ब्रेकमध्ये एक शू दुसऱ्यापेक्षा जास्त पकडतो, त्याच्यामागेही हेच कारण. शू कोणत्या दिशेने बसवायचा हे त्याच्या धातूवर आणि बनावटीवर ठरते, म्हणून खोलताना मोबाइलवर एक फोटो काढून ठेवणे स्वस्तात पडते.

सगळ्यात दुर्दैवी प्राणी म्हणजे वाटीतली बेअरिंग. पुष्कळ गाड्यांत ती ५ × १० × ४ मिलिमीटरची, शर्टाच्या बटणाएवढी असते. गाडी सुसाट धावते तेव्हा ती झिजत असेल, असे कोणालाही वाटेल. पण शूंनी वाटी पक्की धरली की दांडा आणि वाटी एकाच वेगाने फिरतात, आणि बेअरिंगच्या आतल्या-बाहेरच्या कड्यांत फरकच उरत नाही. भर वेगात ती स्वस्थ बसलेली असते. तिचे खरे हाल गाडी उभी असताना होतात: दांडा हजारोंनी फिरतो, वाटी थांबलेली, आणि मधले सगळे फेरे बिचारीच्या वाट्याला. त्यात घसरणाऱ्या शूंची धग लागली की आतले ग्रीस पातळ होऊन उडून जाते. बेअरिंग फुटली की वाटी डगमगते आणि गिअरचे दात खाऊ लागते. जागतिक स्पर्धेत एक अष्टमांश ऑफ-रोड गाड्यांची अंतिम शर्यत तासभर चालते आणि टाकी १२५ सीसीचीच असते, म्हणून इंधनासाठी पुन्हा पुन्हा थांबावे लागते, आणि अशा प्रत्येक थांब्यात बेअरिंगचे हे हाल होतात. ओव्हरहॉलमध्ये ही स्वस्त बेअरिंग डोळे झाकून बदलतात ती त्यासाठीच.

सगळे जोडून झाले की दातांची बैठक तपासावी. वहीच्या कागदाची पट्टी दोन गिअरांमध्ये घालून गिअर एकमेकांजवळ आणायचे, स्क्रू आवळायचे आणि पट्टी फिरवून काढून घ्यायची. ती चुण्या पडून पण न फाटता बाहेर आली, की अंतर बरोबर.

मग गाडी खोक्यावर ठेवून इंजिन चालू करायचे. हवेत लटकलेली चाके सावकाश फिरताना दिसली की नवखा माणूस पुन्हा पाना उचलतो. तो खाली ठेवायला सांगावे. बेअरिंगच्या नुसत्या ओढीनेही चाके तेवढी फिरतात. टायरला हलकेच बोट लावावे. चाक थांबले आणि इंजिनाचा आवाज जराही बदलला नाही, तर वाटीच्या आत तिन्ही शू आपापल्या जागी मिटून बसले आहेत.