कोणतं पिंपळगाव?

नगरमध्ये माळीवाड्याच्या बसस्थानकावर ‘पिंपळगावला जायचंय’ एवढंच म्हटलं, तर समोरचा विचारणारच, ‘कोणतं पिंपळगाव?’ नगर तालुक्यात पिंपळगाव माळवी आहे, श्रीगोंद्यात पिंपळगाव पिसा, पारनेरला पिंपळगाव रोठा आणि तिकडे अकोले तालुक्यात मुळेवरचं पिंपळगाव खांड. जोडनाव सांगितल्याशिवाय माणूस पोचत नाही.

गेल्या पावसाळ्यात सावेडीतल्या आमच्या घरी भाचीचं काम तीन दिवस अडलं, ते शेवटी याच प्रश्नापाशी येऊन थांबलं. ती पुण्यातल्या एका छोट्या कंपनीत आहे, काम घरून करते आणि त्यासाठी ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारं, कंपनीने दिलेलं व्हीपीएन घरच्या संगणकात बसवायचं होतं. अर्ध्या तासाचं काम, असं आम्ही धरून चाललो होतो. त्या तीन दिवसांत मला या यंत्राच्या पोटात जे पाहायला मिळालं, त्याचं नवल अजून ओसरलेलं नाही.

नगरकरांना बंद नळातून पाणी आणण्याची कल्पना नवी नाही. निजामशाहीत कापूरवाडीकडचं पाणी शहरात आलं ते जमिनीखालच्या खापरी नळांमधून. वर शेतं, वाटा, जनावरं. खाली कुणाच्या नजरेला न पडता वाहणारं पाणी. व्हीपीएनलाही बोगदाच म्हणतात. पण इथे नळ आधी पुरून ठेवलेला नसतो. संगणकातून निघणाऱ्या माहितीच्या प्रत्येक छोट्या पुडक्याभोवती तो त्या क्षणी घडतो. पुडकं कुलूपबंद होतं, दुसऱ्या पुडक्यात घातलं जातं आणि सगळ्यांच्याच रस्त्याने पुण्याला जातं. म्हणजे थेंबागणिक नवा नळ.

हे साधण्यासाठी व्हीपीएन संगणकात एक खोटं नेटवर्क कार्ड बसवतं. त्याला ना तांब्याची तार, ना अँटेना. विंडोज मात्र ते खरंच मानतं. विंडोज माहिती त्या ‘तारेवर’ सोडतं, ती जाते व्हीपीएनच्या हातात, आणि तिथून कुलूप लावून पुन्हा खऱ्या कार्डाकडे. एकच निरोप एकाच यंत्रातून दोनदा बाहेर पडतो!

पहिल्या दिवशी आम्ही अडलो ते इथेच. भाचीच्या कॉलेजच्या दिवसांतलं एक जुनं व्हीपीएन त्या संगणकात होतं. त्याचं खोटं कार्ड आणि नव्याचं खोटं कार्ड यांचं पटेना, आणि नवं बसवताना मध्येच चूक दाखवून सगळं थांबे. जुनं काढून टाकलं, तर दुसऱ्या दिवशी घरातल्या बाकी सगळ्या मोबाइलवर नेट चालू आणि या संगणकावर साफ बंद. कारण कळलं तेव्हा मला त्या जुन्या प्रोग्रॅमच्या इमानदारीचं कौतुकच वाटलं. बोगदा तुटला तर एकही पुडकं उघड्यावर जाऊ द्यायचं नाही, असा पहारा त्याने विंडोजच्या आत बसवला होता. मालक गेला, पहारेकरी राहिला. उपाय उलटा होता: जुनं व्हीपीएन परत बसवायचं, त्याच्या सेटिंगमध्ये जाऊन पहारा उठवायचा आणि मगच ते काढायचं. नंतर डिव्हाइस मॅनेजरमध्ये लपलेली उपकरणं दाखवायला सांगून उरलेलं खोटं कार्ड काढलं आणि संगणक बंद करून चालू केला. तेव्हा कुठे नवं व्हीपीएन बसलं. अँटिव्हायरसही कधी कधी याच वाटेवर उभा असतो. तसा संशय आला तर एका वेळी एकच बदल करून पाहावा, नाहीतर कशाने सुधारलं हेच समजत नाही.

तिसऱ्या दिवशी व्हीपीएन जोडलं, हिरवी खूण आली, आणि तरीही ऑफिसचं एकही फोल्डर उघडेना. घरात सगळ्यांचं मत पडलं की संगणक बिघडला. तो बिघडलेला नव्हता. दिलेला नियम तो काटेकोर पाळत होता.

प्रत्येक संगणकात वाटांची एक यादी असते. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत ‘रूट प्रिंट’ असा हुकूम दिला की ती समोर येते. कोणत्या पत्त्याची माहिती कोणत्या दाराने न्यायची, ते तिच्यात लिहिलेलं असतं. नियम असा, की दोन ओळी लागू पडत असतील तर अधिक नेमकी ओळ जिंकते. ‘बाकी सगळं राउटरकडे’ ही सर्वांत ढोबळ ओळ. व्हीपीएनला सगळी वाहतूक आपल्याकडे वळवायची असते, पण ती ओळ पुसली आणि मध्येच व्हीपीएन बंद पडलं तर संगणकाचं नेटच हरवेल. त्यावर ओपनव्हीपीएनमध्ये एक विलक्षण युक्ती आहे. जेम्स योनान यांनी हा प्रोग्रॅम २००१ साली पहिल्यांदा लोकांपुढे ठेवला. मध्य आशियात फिरताना दूरवरून काम करायचं आणि माहिती मात्र अनोळखी देशांच्या तारांमधून जायची, या काळजीतून तो जन्मला. युक्ती अशी, की जुन्या ओळीला हात लावायचा नाही. चार आकड्यांच्या पद्धतीतले सुमारे ४२९ कोटी पत्ते मधोमध वाटायचे: ० ते १२७ने सुरू होणारे एका ओळीत, १२८ ते २५५ने सुरू होणारे दुसऱ्या ओळीत. प्रत्येक अर्धं हे अख्ख्यापेक्षा नेमकं, म्हणून दोन अर्धी मिळून सगळं जिंकतात आणि जुनी ओळ शाबूत राहूनही कुणाच्या कामी येत नाही. मी ते कितीदा तरी वाचलं. इतक्या साध्या अंकगणितावर हे उभं आहे! (अशी दोन व्हीपीएन एकदम चालू केली तर दोन्ही हीच अर्धी मागतात, आणि मग एकाचा बोगदा दुसऱ्याच्या पोटात शिरू पाहतो.)

आमच्या यादीत ती दोन अर्धी होती. पण त्यांच्याहूनही नेमकी एक ओळ होती: १९२.१६८.१ने सुरू होणारं सगळं घरातच आहे. आणि ऑफिसचा सर्व्हर कुठे होता? १९२.१६८.१.५० वर.

हे पत्ते खासगी वापरासाठी राखून ठेवण्याचा आजचा नियम फेब्रुवारी १९९६चा. १०ने सुरू होणारे सगळे, १७२.१६ ते १७२.३१ आणि १९२.१६८, हे तीन पट्टे कुणीही आपल्या घरात, दुकानात, कारखान्यात वापरावेत. बाहेरच्या जगात ते चालत नाहीत, म्हणून हजारो ठिकाणी तेच असले तरी अडत नाही. पत्ते पुरेनासे होत असताना या सोयीने मोठा आधार दिला. अडतं ते दोन घरं बोगद्याने जोडल्यावर. कितीतरी राउटर कारखान्यातूनच १९२.१६८.१ घेऊन येतात. सावेडीतलं घर आणि पुण्यातलं ऑफिस, दोन्ही पिंपळगावच, आणि जोडनाव कुणालाच नाही. आमचा संगणक सर्व्हरला घरातल्या घरात हाका मारत बसला होता. ज्या नियमावर व्हीपीएनची युक्ती जिंकते, त्याच नियमाने ती इथे हरली होती.

राउटरच्या पानावर जाऊन घरचा पट्टा १९२.१६८.७७ केला. राउटर नव्याने सुरू झाला, टीव्ही आणि मोबाइल आपापले नवे पत्ते घेऊन परत आले. भाचीने व्हीपीएन जोडलं आणि फोल्डर उघडलं. ती कामाला लागली. संध्याकाळी तिने व्हीपीएन बंद केलं तेव्हा मी पुन्हा ती यादी काढली. दोन अर्ध्या ओळी गेल्या होत्या, आणि ‘बाकी सगळं राउटरकडे’ ही जुनी ओळ होती तिथेच होती.